चार पट्ट्या

२६ जुलै २००५. वालधुनी नदी पात्र सोडून आमच्या गल्लीत शिरली होती आणि तळमजल्यावरची बिऱ्हाडं वरच्या गॅलरीत येऊन बसली होती. वीज नाही, फोन नाही, लोकल बंद, हे कुर्ल्याला अडकलेले. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे मागाहून पेपरात वाचलं. त्या रात्री मला ऐकू येत होता तो फक्त लेकीचा खोकला.

तीन वर्षांची होती. चार दिवस खोकत होती. उबळ आली की पोटातलं सगळं बाहेर. त्यात माझं पथ्य. दूध नको, केळं नको, भात नको, कफ वाढेल. माझ्या आईनं आम्हाला असंच जपलं होतं. दुपारी दोन बिस्किटं खाल्ली, नंतर काही नाही. न जेवता झोपली तेव्हा मला बरंच वाटलं, तेवढाच पोरीला आराम.

पहाटे हात लावला तर अंग गार, घामानं चिंब. हाका मारल्या, डोळे उघडेना. उचललं तर मान लुळी.

समोर सिस्टर राहायच्या. नर्सची नोकरी संपून कितीतरी वर्षं झालेली, तरी सगळ्यांच्या त्या सिस्टरच. टॉर्च घेऊन धावत आल्या. खोकल्याचं काही न विचारता म्हणाल्या, "शेवटचं कधी खाल्लं गं हिनं?" काकांना मधुमेह, त्यांचं साखर मोजायचं यंत्र आणलं. आकडा आला ४१.

"पाणी पाजू नकोस, ठसका लागेल." लेकीला कुशीवर वळवलं, चमचाभर साखर दोन थेंब पाण्यात ओली करून जिभेखाली ठेवली. वीस मिनिटांनी पुन्हा. ५३. पुन्हा साखर. ७८. लेक रडायला लागली, तेव्हा कुठे सिस्टरांनी भिंतीला पाठ टेकली. मग गुरगुट्या भात, वर साखर, तोही त्यांच्याच हातून. उजाडल्यावर मोजलं, ९६.

पाणी ओसरल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, लहान मुलांच्या यकृतात साखरेचा साठा थोडाच असतो, आजारपणात उपास घडला तर काहींचा तो रातोरात संपतो. मोठं होईल तसं हे सुटतं. तोवर उपाशी झोपवायचं नाही, आणि उलट्या होऊन मूल पेंगायला लागलं तर तडक दवाखाना. माझ्या मनात मात्र ते नाकारलेलं केळंच होतं. अजूनही आहे.

दिवाळीत सिस्टरांच्या सुनेकडून कळलं. त्या रात्री डबीत चारच पट्ट्या उरल्या होत्या. औषधांची दुकानं पाण्यात. पुढचे दोन दिवस काकांनी इन्सुलिन अंदाजानं टोचून घेतलं होतं, आणि घरात बजावून ठेवलं होतं, समोर काही बोलायचं नाही.

नवी डबी घेऊन मी गेले. काय बोलावं ते सुचेना, नुसती पुढे धरली. काकांनी ती घेतली, कपाटात ठेवली.

"पोरगी जेवली का?" त्यांनी विचारलं.