अर्धवट शिक्षणाचं पूर्ण कर्ज

निपाणी भागात शेतकऱ्याच्या घरी पैसा वर्षातून एकदाच येतो. पावसाळ्यात तंबाखूची लावण होते. थंडीत शेंडे खुडायचे, बगलफूट काढत राहायचं, हात चिकट काळे होईपर्यंत. संक्रांतीच्या मागंपुढं कापणी, मग रानातच वाळवण. उन्हं तापली की व्यापारी येऊन पान बोटांत चोळून बघतो, तेव्हा कुठं दराची भाषा सुरू होते. कॉलेजची फी मात्र श्रावणात भरायची असते. तोवर उन्हाळ्यातला पैसा उसनवारीत, औषधात, बी-खतात जिरलेला असतो. आमच्या भागातली किती मुलं या दोन हंगामांच्या मधे कॉलेजातून घरी परत आली, याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

मी त्यांतलीच एक. बेळगावात इंजिनीअरिंगला होते. राज्याचं तांत्रिक विद्यापीठ 1998 पासून बेळगावातच आहे, त्यामुळे आमच्या मुलांना ती वाट जवळची वाटते. तवंदी घाट चढून, संकेश्वर, हत्तरगी मागं टाकत एसटी दीड-दोन तासांत पोचवते. शनिवारी घरी यायचं, आईच्या हातची भाकरी बांधून सोमवारी पहाटे निघायचं. अभ्यास मला आवडत होता. हे मुद्दाम लिहिते, कारण कॉलेज सोडलेल्या मुलीला अभ्यास जमला नसेल, असं लोक न विचारताच धरून चालतात.

शैक्षणिक कर्ज काढलं तेव्हा अण्णांनी बँकेत सही केली ती सहकर्जदार म्हणून. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेनं तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. गरिबाच्या पोरांना याचा फार मोठा आधार आहे, तो मी कधी विसरणार नाही. पैसे आपल्या हातात येत नाहीत. दर वर्षाचा हप्ता सरळ कॉलेजच्या खात्यावर जातो. शिक्षण चालू आहे तोवर आणि त्यानंतर वर्षभर परतफेड नसते, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून साठत जातं. ज्यांच्या घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आहे, त्यांचं त्या मुदतीतलं व्याज केंद्र सरकार भरतं. ही योजना 2009 पासून आहे. आमचं उत्पन्न त्याच्या पुष्कळ आत होतं.

पण कर्ज फीपुरतं होतं. खोलीचं भाडं, मेस, बसचा पास, परीक्षेचे अर्ज हे सगळं घरून यायचं. तंबाखूचा दर दोन हंगाम लागोपाठ पडला. उसाचं बिल कारखान्याकडं अडकलं. अण्णांनी एकाकडून हातउसने घेतले, ते फेडायला दुसऱ्याकडून. तिसऱ्या वर्षी बँकेचा हप्ता कॉलेजला पोचायच्या आधीच माझं बेळगावात राहणं संपलं होतं.

सोडताना अर्ज द्यावा लागतो. टेबलापलीकडच्या माणसानं मजकूर सांगितला, मी लिहून घेतला: वैयक्तिक कारणास्तव प्रवेश रद्द करावा. सगळी मुलं असंच लिहितात, तो म्हणाला. दर पडला, बिल अडकलं, आईचे डोळे वखारीतल्या भुकटीनं चुरचुरत असतानाही ती कामाला जात होती, आणि यातलं काहीही कागदावर आलं नाही.

कागदावर काय येतं याला किती महत्त्व असतं, ते मला नंतर कळलं. व्याजसवलतीच्या नियमांत एक ओळ आहे. मधेच शिक्षण सोडणाऱ्याला सवलत मिळणार नाही. शिस्तभंगासाठी काढून टाकलेल्यालाही नाही. अपवाद एकच, आजारपण, आणि तेही संस्थेच्या प्रमुखाला पटेल अशा कागदपत्रांनिशी. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. ताप आला म्हणून कॉलेज सोडलं तर सरकार समजून घेतं. घरात पीठ नाही म्हणून सोडलं तर ज्याला गैरवर्तनासाठी काढलं, त्याच्या रांगेत उभं राहावं लागतं. ज्या योजनेचा पायाच घरच्या गरिबीवर आहे, तिनं त्याच गरिबीनं हरवलेल्या मुलाला बाहेर काढावं, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. हे ज्यांनी लिहिलं त्यांना मुलं शिकावीत असंच वाटत असणार, यात मला शंका नाही. पण पैशापायी शिक्षण सुटतं, ही गोष्ट लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती.

त्या दिवसांत मी बाबासाहेबांचं चरित्र पुन्हा काढलं. आमच्या निपाणीशी त्यांचं नातं आहे. एप्रिल 1925 मध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद निपाणीला भरली, त्यासाठी ते इथं आले होते. शाळेत आम्हाला ते सांगितलं होतं. जे सांगितलं नव्हतं ते मी आता वाचत होते. 1913 साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले, तेव्हा शिक्षणानंतर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. न्यूयॉर्कहून लंडनला गेले, अर्थशास्त्राचा आणि बॅरिस्टरीचा अभ्यास सुरू झाला, आणि 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून मुंबईला परतावं लागलं. बोटीनं पाठवलेलं पुस्तकांचं सामान युद्धात बुडालं, त्याची भरपाई मिळाली त्यातून बडोद्याचा प्रवास झाला. बडोद्यात या माणसाला जातीपायी राहायला जागा मिळाली नाही, मग नोकरी तरी कशी टिकणार? आणि पुढं संस्थानानं शिष्यवृत्तीच्या रकमेची परतफेड मागितली.

त्यांच्या अडचणीशी माझ्या अडचणीची बरोबरी मी करत नाही. जातीनं बंद केलेली दारं मी सोसलेली नाहीत. पण पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिले ते दुसऱ्याच एका गोष्टीनं. लंडनच्या संस्थेनं त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी दिली होती. एवढंच केलं होतं तिनं, दार उघडं ठेवलं होतं. मधल्या काळात त्यांनी सिडनहॅम कॉलेजात शिकवलं आणि काटकसर करून पैसे साठवले. मार्च 1920 मध्ये कागल जहागिरीतल्या माणगावात परिषद झाली, शाहू महाराज तिथं आले. माणगाव आमच्यापासून फार लांब नाही. त्याच वर्षी महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजारांचं कर्ज घेऊन बाबासाहेब पुन्हा बोटीवर चढले. 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. म्हणजे निपाणीच्या मांडवात बोलायला उभे राहिले त्या माणसाचं शिक्षण एकदा पैशापायी तुटलं होतं, पुन्हा कर्ज काढून जोडलं होतं, आणि जुनी मागणी पाठीशी होतीच. ज्या मातीत हे घडलं तिथल्या मुलीनं अर्धवट शिक्षणाची लाज का बाळगावी?

लाज मात्र वाटत होती. हप्ते थकले. नव्वद दिवस उलटले की खातं थकीत म्हणून वेगळं काढतात, तसं माझं काढलं. नोटीस अण्णांच्या नावानं आली, कारण ते सहकर्जदार. पीककर्जाला गेले तर त्यांचा सिबिल खाली आलेला. शेतकऱ्याच्या पीककर्जाच्या माफीवर निवडणुका लढवल्या जातात. 1981 ला तंबाखूच्या दरासाठी आमच्या निपाणीच्या महामार्गावर शेतकरी बसले, सहा एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. पण त्याच शेतकऱ्याच्या लेकीनं वहीसाठी काढलेलं कर्ज कुणाच्या जाहीरनाम्यात नसतं. माफीच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. घेतलेलं फेडावं, हे आमच्या घरात न शिकवता शिकलेलं आहे. फेडायला श्वास मिळावा, इतकंच.

बँकेत जायचं टाळत होते तेव्हा आई सूप बाजूला सारून म्हणाली, “मान वर करून जा. कर्ज काडलंयस, चोरी न्हाई केलीस.” ती दिवसभर वखारीत तंबाखू चाळून येते आणि रात्री सुपात पानं घेऊन बिड्या वळते. हजार बिड्यांवर मजुरी ठरते, कट्टा खराब निघाला तर कापून घेतात. तिच्या त्या हिशोबापुढं माझा हिशोब फार मोठा नव्हता.

गेले. मॅनेजरसाहेब नवे होते, ऐकून घेतलं. नोकरी नसताना किंवा पगार तुटपुंजा असताना हप्ते पुढं ढकलायची सोय आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत आहे. मुदत पंधरा वर्षांपर्यंत नेता येते. हे सगळं मागावं लागतं, आपणहून कुणी सांगत नाही. एकरकमी तडजोडीचाही पर्याय होता. रक्कम घटते, पण ‘सेटल्ड’ असा शेरा मागं राहतो, आणि अण्णांच्या नावावर तो शेरा मला नको होता. हप्ता लहान करून घेतला. तेव्हापासून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. रोज सकाळी कोगनोळीचा नाका ओलांडते, महाराष्ट्रात कमावते आणि कर्नाटकात फेडते.

आता गल्लीतली एक मुलगी माझ्याकडं येते. तिसऱ्या सेमिस्टरला आहे, घरची तीच गत. तिला मी आधी हेच विचारलं, सोडायचंच आहे का, की थांबायचं आहे? कारण 2021 पासून क्रेडिट बँकेचे नियम आले आहेत. तिचं कॉलेज त्यात असेल तर पास झालेल्या विषयांचे क्रेडिट काही वर्षं तिच्या नावावर राहतील, आणि पुन्हा उभं राहायला तिला एक दार मिळेल. ते तपासायचं. मूळ दाखले कॉलेजला अडवून ठेवता येत नाहीत, यूजीसीचा तसा आदेश आहे, ते हातात घ्यायचे. बँकेला पुढचा हप्ता कॉलेजकडं पाठवू नका असं आधीच लेखी कळवायचं, नाहीतर न शिकलेल्या वर्षाचंही कर्ज डोक्यावर येतं. थकण्याची वाट न बघता मुदत मागायची.

काल तिच्या अर्जाचा मसुदा करायला बसलो. ‘वैयक्तिक कारणास्तव’ तिनं लिहिलं होतं, मैत्रिणीकडून उतरवून आणलं होतं. ते खोडलं. तिथं लिहिलं: घरची आर्थिक अडचण. खाली दोन ओळींत तंबाखूचा दर आणि थकलेलं ऊसबिल लिहिलं, बिलाची झेरॉक्स जोडली. सवलत मिळणार नाही, हे तिला मी स्पष्ट सांगितलंय. तरी कागद असाच जाणार. सोमवारी दोघी बेळगावला जातोय, एक प्रत कॉलेजात, एक बँकेत, आणि दोन्हींवर पोच घ्यायची आहे.