आईचा कौल

पाचगणीच्या पावसात धुके खिडकीशी येऊन बसले, की रहस्यकथेवाचून गत्यंतर नसते. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार-धनंजयावर मी वाढलो. हल्ली अतींद्रिय शक्तीने खुनी हुडकणाऱ्या हौशी गुप्तहेर बायकांच्या इंग्रजी कादंबऱ्या वाचतो. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेला दहा नियम घालून दिले. त्यांत दैवी शक्तीला मज्जाव, नि अकारण स्फुरणाऱ्या अंतःप्रेरणेलाही! वाचकापुढे धागेदोरे नकोत का? हे पटते. तरी त्या बायकांना मी हसत नाही. लहानपणी इथल्याच एका वसतिगृहातून मी ‘मजेत आहे’ म्हणून लिहिले, तर चौथ्या दिवशी आई पुण्याहून दारात हजर! “आतून कळले,” एवढेच म्हणाली. तिच्या पश्चात ते पत्र पेटीत सापडले. नेमकी ‘मजेत’वरच शाई पसरली होती.