ऊब हवी, चटका नको!

सापाला पांघरूण घातलं तर काय होईल? काहीच नाही! आपण रजईत शिरलो की छान गरम वाटतं, कारण ती ऊब आपल्याच अंगाची असते. रजई फक्त तिला बाहेर जाऊ देत नाही. सापाच्या अंगात अशी भट्टीच नसते. आजूबाजूला जितकं गरम, साधारण तितकाच तो गरम. त्यामुळे ‘लंडनच्या थंडीत त्या बिचाऱ्याला स्वेटर विणून पाठवू का?’ ही आईची फोनवरची ऑफर कितीही गोड असली, तरी बाद!

हा बिचारा म्हणजे आमचा बंड्या. जात रॉयल पायथन, लांबी साडेतीन फूट, विष शून्य. अमेरिकेत यालाच बॉल पायथन म्हणतात, कारण घाबरला की डोकं आत खुपसून स्वारी चक्क चेंडू होते. मूळ गाव पश्चिम आणि मध्य आफ्रिका. ब्रिटनमध्ये तो पाळायला लायसन्स लागत नाही. मात्र इथल्या २००६च्या प्राणी कल्याण कायद्यानं त्याला योग्य वातावरण देणं ही मालकाची जबाबदारी ठरवली आहे. म्हणजे घरात हीटर लावायचा की नाही हा प्रश्न माझ्यापुरता मूडचा, बंड्यापुरता कायद्याचा!

पुण्या-मुंबईतल्या दोस्तांनो, लगेच एक्साइट होऊ नका. आपल्याकडचे साप घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. आणि २०२२ची दुरुस्ती व २०२४चे नियम आल्यापासून बंड्याच्या जातीसारखे परदेशी पाहुणे बाळगायचे, तर त्यांची सरकारी ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागद आधी, साप नंतर.

बंड्या माझ्याकडे आला तो रेस्क्यू सेंटरमधून. त्याच्या पोटावर दोन बोटं रुंद, पांढुरका, सुरकुतलेला पट्टा आहे. भाजल्याचा. आधीच्या घरी त्याला ‘हीट रॉक’ दिला होता. हा एक खोटा दगड असतो, प्लग लावला की तापणारा. किती तापायचं याच्यावर लगाम काही नाही. आता आपल्याला वाटतं, चटका बसला की साप आपसूक बाजूला होईल. पण तसं होतंच असं नाही. बाकीचं घर गार असेल, तर ऊब मिळेल तिथेच तो तासन्‌तास चिकटून बसतो, अगदी कातडी भाजेपर्यंत. कुत्रा केकाटला असता, मांजरानं घर डोक्यावर घेतलं असतं. साप ओरडत नाही. त्याला किती भाजलंय, हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणूनच सेंटरमधल्या बाईंनी मला साप द्यायच्या आधी होमवर्क दिला. रिकामं घर आठवडाभर चालवा, सकाळ-संध्याकाळ तापमान लिहा आणि वही घेऊन या. जॉबच्या इंटरव्ह्यूलाही एवढी तयारी केली नव्हती! पण त्या आठवड्यात एक गोष्ट डोक्यात फिट बसली. सापाला नुसती ऊब द्यायची नसते, उबेचा चॉइस द्यायचा असतो. घराच्या एका टोकाला ३० ते ३२ अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २४ ते २६. दोन्हीकडे लपायला एकेक जागा. जेवण पचवायचं असेल तर तो गरम बाजूला जातो, पुरे झालं की गार बाजूला सरकतो. फार गार राहिला तर खाल्लेलं उलटून टाकतो, छातीत इन्फेक्शन होतं. फार गरम झालं आणि पळायला जागाच नसली, तर खेळ खल्लास.

आता हीटर कुठला? काचेची किंवा प्लास्टिकची पेटी असेल तर एका टोकाला, तळाच्या साधारण एक-तृतीयांश भागाखाली हीट मॅट लावतात. तिच्या वर आत भुश्श्याचा जाड थर नको, कारण उष्णता तिथेच कोंडते आणि मॅट आणखी तापते. बंड्याचं घर लाकडी. लाकडातून मॅटची ऊब नीट वर येत नाही, म्हणून वरून सिरॅमिक हीटर लावलाय. तो उजेड देत नाही, त्यामुळे बंड्याची रात्र रात्रच राहते. पण त्याचा पृष्ठभाग दोनशे अंशांच्या पुढे जाऊ शकतो, आणि सापांना तर उंचावरच्या कशालाही वेटोळं घालायचा भारी शौक! म्हणून त्याच्याभोवती जाळीचा पिंजरा मस्ट. होल्डरही सिरॅमिकचाच हवा, प्लास्टिकचा वितळतो.

आणि या सगळ्यांचा बॉस म्हणजे थर्मोस्टॅट. तापमान ठरवून द्या, तो हीटरला आवरतो. बल्बला डिमिंगवाला, सिरॅमिकला पल्सवाला, मॅटला साधा ऑन-ऑफवालाही चालतो. साधी हीट मॅटसुद्धा थर्मोस्टॅटशिवाय चाळिशी सहज ओलांडते. पण बॉसचंही एक वीक पॉइंट आहे, त्याची वायर, म्हणजे प्रोब. सापानं धक्का मारून ती पेटीबाहेर ढकलली, तर तिला खोलीतले १८ अंश दिसतात. ‘अरे, फारच गार आहे’ असं समजून थर्मोस्टॅट हीटर फुल सोडून देतो, आणि आत भट्टी पेटते. म्हणून प्रोब गरम बाजूलाच घट्ट बसवायची आणि शेजारी एक वेगळा डिजिटल थर्मामीटर ठेवायचा. रोज ऑफिसला निघताना मी दोन्ही आकडे बघते. जुळले तरच बूट चढवते. एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडायचं नाही, हीटरजवळ पडदा-कागद ठेवायचा नाही आणि खोलीत स्मोक अलार्म चालू हवा, हे वेगळं सांगायला नको. घर भाड्याचं आहे, खाली-वर माणसं राहतात.

वीज गेली तर? इथे मात्र पांघरूण कामाला येतं! सापावर नाही, पेटीवर. हवेला फट ठेवून जाड ब्लँकेट टाकलं की आत उरलेली ऊब टिकते. जास्तच वेळ लागला तर टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली आत ठेवता येते. मेणबत्ती अजिबात नाही. घाबरून जायचंही कारण नाही, कारण मोठा, धडधाकट रॉयल पायथन काही तासांचा गारवा निभावून नेतो. गारवा आपल्याला वेळ देतो, जादा उष्णता देत नाही.

बंड्याचा पट्टा दर कातीबरोबर थोडा फिका होतोय. पूर्ण जाणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तो आता नियमित जेवतो आणि जेवण झालं की मुकाट गरम कोपऱ्यात जाऊन पडतो. तेव्हा कुणी नवा मालक खरेदीची यादी करायला बसला, की मी एवढंच सांगते: बजेटला कात्री लावायचीच असेल तर ती शोभेच्या फांद्यांना लाव, थर्मोस्टॅटला नको.