घर पाहावं ओढून!

‘घर पाहावं बांधून’ ही आपल्याकडची म्हण. ऑस्ट्रेलियातल्या निवृत्त मंडळींना मात्र बांधलेलं घर पुरेसं वाटत नाही. तीन-साडेतीन टनांचं घर गाडीमागे जोडून ती चक्क देशप्रदक्षिणेला निघतात! पण हे घर ओढायला गाडी कोणती घ्यायची? जाहिरातीतला आकडा पाहून गाडी घेणारे फसतात, वजनकाट्यावर जाऊन घेणारे तरतात.

मे महिना सरत आला, की मेलबर्न-अ‍ॅडलेडकडे हवेत गारठा येतो. आपल्या उलट, तिकडे जून-जुलै म्हणजे ऐन हिवाळा. मग जसे पक्षी उबेच्या शोधात निघतात, तसे हजारो आजी-आजोबा उत्तरेची वाट धरतात. कुणी क्वीन्सलँडच्या किनाऱ्याला, कुणी डार्विनला, कुणी पार पश्चिमेच्या ब्रूमला. त्यांना तिथे प्रेमाने ‘ग्रे नोमॅड’ म्हणतात. पिकल्या केसांचे भटके! यातल्या काहींच्या गाडीमागे एक स्टिकर हमखास दिसतं. त्याचा मथितार्थ असा, की विस्मरण गाठण्याआधी साहस करून घ्या. ज्यांच्याकडे सवड जास्त, ते देशाला पुरता वेढा घालतात. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या ‘हायवे वन’ची ही फेरी जवळपास १५ हजार किलोमीटरची. ‘बिग लॅप’ हे तिचं लाडकं नाव.

आपल्याकडे कॅरॅव्हॅन म्हटलं, की स्वतःचं इंजिन असलेली, आत पलंग-ओटा बसवलेली बस डोळ्यांसमोर येते. ऑस्ट्रेलियात मात्र कॅरॅव्हॅन म्हणजे इंजिन नसलेलं, चाकांवरचं घर. आत दुहेरी पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, बऱ्याच ठिकाणी कपडे धुण्याचं यंत्रसुद्धा. गाडीच्या मागे असलेल्या लोखंडी गोळ्यावर, म्हणजे टो-बॉलवर, हे घर अडकवायचं आणि निघायचं. मेलबर्नच्या उत्तरेचा कॅम्पबेलफील्ड हा भाग या घरांच्या बांधणीचं माहेरघरच आहे. गाडी आणि कॅरॅव्हॅन अशी जोडी चांगल्यापैकी घ्यायची, तर खर्च दोन लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे सहज जातो. आयुष्यभर साठवलेल्या निवृत्तिधनातला मोठा घास! म्हणूनच निवड चुकली, तर ती नुसती चूक राहत नाही.

एक झाड नाही...

ही निवड किती बरोबर होती, त्याची परीक्षा नलारबोरच्या मैदानात होते. पोर्ट ऑगस्टा ते नॉर्समन हा ‘एअर हायवे’ सुमारे १,६६० किलोमीटरचा. एडवर्ड जॉन एअर या प्रवाशाने १८४०-४१ साली हा मुलूख अतोनात हाल सोसत पार केला, त्याचं नाव या रस्त्याला दिलंय. संपूर्ण रस्त्यावर डांबर पडायला मात्र १९७६ साल उजाडलं. नलारबोर हा शब्द लॅटिन. अर्थ, एकही झाड नाही! कायगुना आणि बॅलडोनिया या दोन ठाण्यांच्या मध्ये तर १४६.६ किलोमीटर रस्ता एका रेषेत जातो. एकही वळण नाही. कुठे कुठे दोन पेट्रोलपंपांमध्ये १९० किलोमीटरच्या आसपास अंतर. वाटेत गाव म्हणावं असं काही नाही, फक्त रोडहाऊस. पंप, खानावळ आणि मुक्कामाच्या चार खोल्या.

सरळ, सपाट रस्ता म्हणजे गाडीला आराम, असं वाटेल. पण या मैदानात वारा अडवायला काही नाही. समोरून तो भणाणायला लागला, की मागचं अडीच-तीन मीटर उंचीचं घर भिंतीसारखं आडवं येतं आणि इंजिन घामाघूम होतं. त्यात समोरून येतात ‘रोड ट्रेन’. एका ट्रकला दोन-तीन ट्रेलर जोडलेल्या या रेल्वेगाड्याच जणू. इथे त्यांची लांबी ३६ मीटरवर जाते, उत्तरेकडे काही रस्त्यांवर ५३ मीटरच्याही पुढे. अशी गाडी शेजारून गेली, की तिच्या हवेचा लोट कॅरॅव्हॅनला आधी बाहेर ढकलतो, मग आत ओढतो. मागचं घर जड आणि पुढची गाडी हलकी असेल, तर कुणी कुणाला ओढायचं, असा प्रश्न त्या क्षणी उभा राहतो!

साडेतीन टनांचं गाजर

ऑस्ट्रेलियात मोठ्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीची जाहिरात उघडली, की एक आकडा ठळक दिसतो. ३,५०० किलो! टोयोटा लँडक्रूझर, निसान पेट्रोल, फोर्ड रेंजर, फोर्ड एव्हरेस्ट, इसुझू डी-मॅक्स, टोयोटा हायलक्स... आकाराने, वजनाने, किमतीने वेगवेगळ्या असलेल्या या गाड्या हाच आकडा मिरवतात. मग निम्म्या किमतीची का घेऊ नये?

खरी मेख इथेच आहे. गाडीला किती ओढता येतं, हे एका आकड्याने ठरत नाही. आणखी तीन आकडे पाहावे लागतात. पहिला ‘जीव्हीएम’. म्हणजे माणसं, सामान, इंधन आणि हुकावर येणारा दाब धरून गाडीचं जास्तीत जास्त वजन. दुसरा ‘एटीएम’. हा पैसे देणारा नव्हे, खाणारा! सामानसुमान भरून कॅरॅव्हॅनचं जास्तीत जास्त वजन. तिसरा आणि सगळ्यात दुर्लक्षित ‘जीसीएम’. गाडी आणि कॅरॅव्हॅन या दोघांच्या एकूण वजनाची मर्यादा.

हिशेबासाठी एक मध्यम गाडी घेऊ. तिचं रिकामं वजन २,२०० किलो, जीव्हीएम ३,०५० आणि जीसीएम ५,८५०. बाजारातल्या कित्येक गाड्या याच घरातल्या. आता मागे साडेतीन टनांची कॅरॅव्हॅन जोडली. ५,८५० मधून ३,५०० गेले, उरले २,३५०. त्यात गाडीच २,२०० किलोची. हाती राहिले १५० किलो. आजोबा आणि आजी गाडीत बसले, की संपलं! अजून पुढचा लोखंडी गार्ड लावायचाय, दुसरी बॅटरी बसवायचीय, हत्यारपेटी, छोटा फ्रिज, जादा चाक न्यायचंय. कांगारू आडवे येणाऱ्या मुलुखात पुढचा गार्ड ही चैन नसते, हेही खरंच. म्हणजे जाहिरातीतला आकडा खोटा नाही, पण तो रिकाम्या गाडीचा आहे. रिकाम्या गाडीतून प्रवासाला कोण निघतं?

कॅरॅव्हॅनचंही तेच. दुकानात दिसतं ते तिचं रिकामं वजन. पाण्याच्या दोन टाक्या भरल्या, की दीड-दोनशे लिटर पाणी, म्हणजे तितकेच किलो. मग गॅसच्या टाक्या, भांडीकुंडी, डबे, अंथरुणं, खुर्च्या, छत, सायकली. संसार चाकांवरचा असला, तरी संसारच तो, वाढत जाणारच.

धुरजड की उलाळ?

वजन किती, याइतकंच महत्त्वाचं ते कुठे आहे. हे आपल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. उसाची किंवा कडब्याची बैलगाडी भरताना ओझं पुढे जास्त झालं, की गाडी धुरजड होते आणि जू बैलांच्या मानेवर बसतं. मागे जास्त झालं, की उलाळ होते आणि जू वर उचललं जातं. अगदी हाच नियम कॅरॅव्हॅनला लागू पडतो. तिच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के दाब टो-बॉलवर यावा, असा ठोकताळा आहे. साडेतीन टनांना साडेतीनशे किलो.

हा साडेतीनशेचा दाब गाडीच्या अगदी शेपटाला पडतो. हूक मागच्या चाकांच्याही मागे असल्याने तरफेच्या नियमाने मागच्या चाकांवर साडेतीनशेहून जास्त भार येतो आणि पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो. गाडीचं नाक वर, शेपूट खाली. आणि स्टिअरिंग तर पुढच्या चाकांवर! म्हणून जाणकार गाडी पाहताना नुसतं इंजिन पाहत नाहीत. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर जास्त आहे ना, मागच्या चाकापासून हुकापर्यंतचं अंतर कमी आहे ना, मागच्या अ‍ॅक्सलची भारमर्यादा किती, हे पाहतात.

दाब कमी करण्यासाठी सामान कॅरॅव्हॅनच्या मागच्या टोकाला रचणं, हा त्याहून वाईट उपाय. उलाळ झालेली कॅरॅव्हॅन वेगात शेपूट हलवायला लागते. एकदा का ती नागमोडी डुलू लागली, की प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. घाबरून गाडीचा ब्रेक दाबला, तर मागचं घर पुढे रेटा देतं आणि दोन्ही आडवी होतात. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सावकाश उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि हाताच्या कळीने फक्त कॅरॅव्हॅनचे ब्रेक लावायचे. म्हणजे मागून लगाम बसतो. पण खरा उपाय निघण्याआधीचा. जड सामान खाली आणि चाकांच्या जवळ, हलकं दोन्ही टोकांना. वेगही बेताचा. ताशी ९०च्या आसपास चालवणारे शहाणे समजले जातात.

कायदाही याबाबत ढिला नाही. ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. दोन टनांच्या वर गेलं, की ते सर्व चाकांना हवेत आणि चालकाला जागेवरून लावता यायला हवेत. शिवाय कॅरॅव्हॅन तुटून सुटलीच, तर तिचे ब्रेक आपोआप लागून किमान १५ मिनिटं टिकले पाहिजेत. मर्यादेपेक्षा वजन जास्त असताना अपघात झाला, तर विम्याचे पैसे अडकण्याची भीती असते ती वेगळीच.

मग गाडी कोणती?

डांबरी रस्त्यावर चारही चाकांना ताकद मिळण्याची तशी गरज नसते. तरीही फोर-व्हील-ड्राइव्हच का? कारण या गाड्यांचा कणा मजबूत असतो. ट्रकसारखी शिडीच्या आकाराची चासी आणि तिच्यावर बसवलेलं शरीर. ओल्या गवतावरचा मुक्काम, किनाऱ्याची वाळू, समुद्रात होडी उतरवायचा निसरडा उतार, अशा ठिकाणी चारही चाकं आणि लो-रेंज गिअर उपयोगी पडतात. किंबर्लीतल्या सुमारे ६६० किलोमीटरच्या गिब रिव्हर रोडसारख्या खडीच्या वाटेला तर त्यांच्याशिवाय पर्याय नाही. अर्थात तिथे मोठी कॅरॅव्हॅन नेणं हे गाडीपेक्षा कॅरॅव्हॅनलाच जास्त जड जातं.

जड घर ओढणाऱ्यांची पहिली पसंती वर्षानुवर्षं लँडक्रूझरला. २०२१ साली आलेल्या ‘३००’ मालिकेत ३.३ लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे, ७०० न्यूटन-मीटर टॉर्कचं. कमी फेऱ्यांत मिळणारा हा जोर चढावर कामी येतो. निसानच्या ‘पेट्रोल’चं नाव गस्तीवरून पडलं, पण २०१३पासून तिथे विकली गेलेली तिची वाय-६२ पिढी पिते पेट्रोलच! ५.६ लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन. गाडी भारदस्त, पण पंपावरचं बिलही तसंच. रेंजर, हायलक्स, डी-मॅक्ससारख्या पिकअप गाड्या किमतीने हलक्या. अडीच टनांच्या आतबाहेरची कॅरॅव्हॅन असेल, तर त्या छान संसार करतात. साडेतीन टनांच्या वर जायचं, तर रॅमसारखे अमेरिकी ट्रक आहेत. मेलबर्नमध्ये त्यांचं स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे आणलं जातं. ५० मिलिमीटरऐवजी ७० मिलिमीटरचा टो-बॉल लावून यातली काही मॉडेलं ४,५०० किलो ओढतात. मग शहरात गाडी उभी करायला जागा शोधा!

खर्चाचं गणितही आधीच मांडलेलं बरं. जड कॅरॅव्हॅन ओढणारी डिझेल गाडी १०० किलोमीटरला २० लिटरच्या आसपास इंधन पिऊ शकते. या हिशेबाने नुसता एअर हायवे ओलांडायला सव्वातीनशे लिटरपेक्षा जास्त डिझेल, आणि रोडहाऊसवर ते शहरापेक्षा महाग. विजेच्या गाडीत जोर भरपूर, पण मागे मोठं घर जोडलं, की एका चार्जमध्ये जाण्याचं अंतर निम्म्याच्या आसपास येतं. या वाटेवरची चार्जिंगची अडचण ओळखून २०२२ साली कायगुनाच्या रोडहाऊसवर मोठी मजेदार सोय झाली. तळणीच्या वापरलेल्या तेलावर चालणारा चार्जर! बटाट्याचे काप तळायचे आणि उरलेल्या तेलावर गाडी पळवायची.

आधी घर, मग गाडी

सगळ्यांत मोठी चूक क्रमाची होते. बहुतेक जण आधी हौसेने गाडी घेतात, मग तिच्यामागे कॅरॅव्हॅन बसवायला बघतात. क्रम उलटा हवा. आधी दोघांना राहायला किती घर लागतं, ते ठरवायचं. सहा महिने त्यात काढायचे, की वर्षातून तीन आठवडे? भरलेल्या घराचं वजन काढायचं आणि त्याला पुरून उरेल, अशी गाडी शोधायची. जुन्या लोकांचा सल्ला साधा आहे : ओढणारा ओढल्या जाणाऱ्यापेक्षा जड असावा. नव्या गाड्यांच्या मोठमोठ्या आकड्यांपुढे हा सल्ला जुनाट वाटतो, पण नलारबोरच्या वाऱ्यात तोच आठवतो.

गाडी आधीच दारात असेल, तर घर लहान घ्यावं. मान्यताप्राप्त ठिकाणी जादा ताकदीची स्प्रिंग बसवून गाडीचा जीव्हीएम वाढवून घेता येतो, पण म्हणून जीसीएम आपोआप वाढत नाही, हे ध्यानात ठेवायचं. आणि निघण्याआधी एकदा सगळा पसारा भरून, टाक्या भरून, माणसांसकट वजनकाट्यावर जायचं. गाडी वेगळी, कॅरॅव्हॅन वेगळी, दोन्ही मिळून वेगळी. या तासाभराच्या कामाला कंटाळू नये.

वजन जास्त भरलंच, तर काय काढायचं, यावरून दोघांत थोडी वादावादी होईल. त्याची हत्यारपेटी की तिची इडलीपात्रं? मेलबर्न-सिडनीत स्थिरावलेल्या मराठी घरांतून निघालेल्या कॅरॅव्हॅनमध्ये तर लोणच्याच्या बरण्यांपासून सुरुवात करावी लागेल! पण पसारा घराच्या दारातच कमी केलेला बरा. पुढे एकही झाड नसलेल्या मैदानात तो उतरवून ठेवायला सावलीसुद्धा मिळत नाही.