बाळगुटीची सहाण

आमच्या घरात सहाणा दोन. एक देवघरातली, गंधाची. दुसरी स्वयंपाकघरात फळीवर भिंतीला टेकून उभी असायची, ती बाळगुटीची. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, जायफळ उगाळून उगाळून तिला मधोमध खळगा पडला आहे. माझ्याही वाट्याचे वेढे तिच्यावर फिरले असणार. मला कळायला लागलं तेव्हा घरात तान्हं मूल नव्हतं, आणि सहाण फळीवरून उतरायची ती कॉफीसाठी.

रोज चहाच. कॉफी एकादशीला, नाहीतर मुंबईचे पाहुणे आले की, नाहीतर पावसात कुणी चिंब होऊन आलं की. आजी पातेल्यात दूध उकळत ठेवायची, सहाणेवर दुधाचे दोन थेंब टाकायची आणि जायफळ धरून हलक्या हाताने फिरवायची. तपकिरी रेघ उमटायची, मग दाट गंधासारखा लेप. तो बोटाने निपटून पातेल्यात. "चार वेढे, पाचवा नको," ती म्हणायची. "पाचव्याला माणूस पेंगायला लागतो."

लग्न होऊन माटुंग्याला गेले आणि कॉफीची दुसरी तऱ्हा कळली. फिल्टरच्या वरच्या भांड्यात पूड दाबायची, उकळतं पाणी ओतायचं आणि खाली थेंब थेंब अर्क उतरेपर्यंत थांबायचं. तिथली शेजारीण कॉफीत जायफळ घालायचं म्हटलं की डोळे मोठे करायची. मी तिची पद्धत शिकले, जायफळ मात्र सोडलं नाही.

त्याच वर्षांत बाबा बुदन यांची कथा वाचली. सतराव्या शतकात त्यांनी येमेनातल्या मोख्याहून सात बिया आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असं सांगतात. मोख्याचं नाव वाचून मला आमचा किनारा आठवला. दाभोळची जहाजं त्या काळी लाल समुद्रात जात. हजचे यात्रेकरू इथून गलबतावर चढत. त्याच्याही आधी, १४७०च्या दशकात, अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी इथूनच होर्मुझला निघाला. आज खाडीकाठी शाही मशिदीचा घुमट उभा आहे, आणि दाभोळ म्हटलं की लोकांना वीज प्रकल्प आठवतो. तो तर पलीकडे, गुहागरच्या बाजूला. जुन्या मराठीत कॉफीला बुंद म्हणत. तो अरबी शब्द ज्या वाटेने आपल्याकडे आला, त्या वाटेवरचं हे गाव. म्हणून गावी परतून इथे कॉफीचं दुकान काढायचं म्हटल्यावर लोक "दाभोळात कॉफी?" असं विचारायचे, तेव्हा मला खरंच वाईट वाटायचं.

जागा जेटीच्या रस्त्यावर मिळाली. २००३ साली धोपाव्याची फेरीबोट सुरू झाली. त्याआधी गाडी घेऊन गुहागरला जायचं तर चिपळूणचा वळसा. आता गाड्या रांगेत थांबतात, आणि थांबलेल्या माणसाला काहीतरी गरम हवं असतं. अन्न परवान्याची नोंदणी, पंचायतीचा दाखला हे सगळं झालं. एका कागदासाठी चार खेपा पडल्या, त्याचा शीण अजून आठवतो. कुणी म्हणालं, मोठं मशीन घे. पण खाऱ्या वाऱ्याने इथे दाराच्या कड्यासुद्धा वर्षात गंजतात, आणि पावसाळ्यात वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. मी मोठे फिल्टर आणि गॅसची शेगडी घेतली. कपाला दहा ग्रॅम पूड धरली की किलोत शंभर कप, हा हिशेब वहीच्या पहिल्याच पानावर आहे.

फसले ती पाण्यात. पहिल्या दिवशीची कॉफी तोंडात धरवेना. माटुंग्याचीच पूड, तोच हात, आणि चव अशी की जिभेवर राख. पूड बदलली, दूध बदललं. तिसऱ्या दिवशी नुसतं पाणी पिऊन पाहिलं तेव्हा उमगलं. वैशाखातलं खाडीकाठचं पाणी, मचूळ. आमचं गाव डोंगर आणि खाडी यांच्या चिंचोळ्या पट्टीत वसलेलं; खाली मचूळ असलं तरी डोंगराच्या अंगाला गोडं पाणी आहे. तेव्हापासून पहाटे वरच्या विहिरीचे दोन हंडे आणते, मगच फिल्टर लावते. दुकान काढताना सगळ्यांनी भांडवलाचं विचारलं, पाण्याचं कुणीच नाही. मीही नाही.

जायफळं दापोलीच्या बाजूची, नारळी-पोफळीच्या सावलीत झालेली. त्यांची पूड करून बरणीत भरली असती तर सोपं झालं असतं. पण दमट हवेत तिचा वास आठवड्यात मरतो, आणि उगाळलेल्या जायफळाची सर तिला नाहीच. म्हणून आईकडून सहाण मागून घेतली. पातेलंभर कॉफीला किती वेढे, हे पुन्हा शिकावं लागलं. पेंगलेला माणूस गाडी बोटीवर कशी चढवणार?

परवा आई पहिल्यांदा दुकानात आली. कपातली कॉफी संपवली, काही बोलली नाही. मग उठून ओट्याकडे गेली. मी सहाण धुऊन तशीच आडवी ठेवली होती. तिने ती उचलली, फडक्याने खळगा पुसला आणि भिंतीला टेकून उभी केली.

"आडवी ठेवू नको गं," म्हणाली. "खळग्यात पाणी राहतं."