वस्तू धन्याला साद घालते

धरणगावचे नाव निघाले की मराठी वाचकाला बालकवी आठवतात. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १८९० साली याच गावी झाला. इतिहासाची आवड असलेल्यांना आणखी एक गोष्ट आठवेल. १८२५ साली जेम्स आउटरॅम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांची जी पलटण उभारली, तिचे ठाणे धरणगावात होते. आम्हांला मात्र गेल्या वर्षापासून हे गाव आठवते ते ‘सी’ आणि ‘आर’ या दोन इंग्रजी अक्षरांमुळे. ही अक्षरे आम्ही एका विधवेच्या घरी, तिच्या दिवंगत पतीच्या मोबाइलवर प्रथम लक्षपूर्वक पाहिली.

आमच्या धर्मग्रामातील मोजकीच कुटुंबे त्या तालुक्यात राहतात. त्यांपैकी एक गृहस्थ जळगावच्या एका कारखान्यात नोकरीला होते. वय अवघे बेचाळीस. सुरत-भुसावळ गाडीने रोज ये-जा करायची, रविवारी मिस्सेला वेळेवर हजर राहायचे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची ऑनलाइन कामे विनातक्रार करून द्यायची, असा त्यांचा क्रम होता. त्यांच्यापाशी एका बँकेचे क्रेडिट कार्ड होते. भारतात एखाद्या बँकेने असे कार्ड प्रथम काढले ते १९८० साली, सेंट्रल बँक ऑफ इंडियाने. तेव्हा आम्ही शाळकरी पोर होतो आणि उधारी म्हणजे वाण्याची लाल वही एवढेच आम्हांला ठाऊक होते. आता तीच वही बोटभर प्लास्टिकच्या तुकड्यात मावते. फरक एवढाच, की वाण्याला गिऱ्हाइकाच्या घरातली माणसे ठाऊक असत. कार्डाला फक्त एक नाव ठाऊक असते.

त्यांच्या शेजारी एक आजीबाई राहतात. त्या आपल्या धर्माच्या नव्हेत, पण आपल्या गल्लीच्या आहेत. त्यांच्या नातवाला नाशिकच्या एका महाविद्यालयात प्रवेश मिळाला. फी भरायची होती ऑनलाइन आणि तीही त्याच दिवशी. आजींनी दोन शेळ्या आणि भाव येईल म्हणून घरात राखून ठेवलेला कापूस विकून जमवलेले २८,५०० रुपये रोख आणून दिले. आमच्या गृहस्थांनी तेवढी फी आपल्या कार्डावरून भरली आणि आजींचे रोख पैसे कार्डाच्या बिलापोटी बँकेत भरून टाकले. कागदावर कोणी काही लिहिले नाही. शेजारधर्मात लिहायची पद्धत नसते.

पुढे महिन्याभरात नातवाला जळगावातच जागा मिळाली. नाशिकचा प्रवेश रद्द झाला. महाविद्यालयाने १,००० रुपये कापून घेतले आणि उरलेले २७,५०० रुपये परत केले. परत कोठे केले? ज्या वाटेने आले त्याच वाटेने, म्हणजे कार्डावर. बिल तर आधीच फेडलेले होते. त्यामुळे कार्डाचा हिशेब उलटा झाला. एरवी कार्डाच्या पत्रकावर जो आकडा असतो तो आपण बँकेला देणे लागतो. त्या आकड्यापुढे ‘सी. आर.’ ही अक्षरे आली की तो बँक आपल्याला देणे लागते. अशा वेळी काय करावे याचा नियम रिझर्व्ह बँकेने २०२२ साली घालून दिला. अशी परत आलेली रक्कम ५,००० रुपये किंवा कार्डाच्या मर्यादेचा एक टक्का, यांपैकी जे कमी असेल त्याहून अधिक असेल, तर ती कार्डावरच ठेवावी काय, असे बँकेने सात दिवसांच्या आत ग्राहकाला विचारायचे. त्याने होकार दिला नाही, तर ती त्याच्या बँक खात्यात परत करायची. त्याने स्वतः मागितली, तर तीन कामकाजाच्या दिवसांत द्यायची. तसा संदेश आमच्या गृहस्थांना आला आणि त्यांनी होकार कळवला. त्यांचा विचार सरळ होता. पुढची खरेदी त्या शिलकेतून होईल आणि आजींना पगारातून रोख देता येतील. आजींनाही त्यांनी तसे सांगून ठेवले.

तो पगार व्हायचा होता. त्यापूर्वीच, नोव्हेंबरच्या एका पहाटे हृदयविकाराच्या झटक्याने ते प्रभूघरी गेले.

महिन्याच्या मिस्सेनंतर आम्ही त्यांच्या घरी बसलो होतो. घरात दोन अज्ञान मुले, घराच्या कर्जाचे हप्ते आणि कारखान्याकडून यायच्या रकमेची प्रतीक्षा. बाईंनी पतीचा मोबाइल आमच्यासमोर ठेवला आणि विचारले, “फादर, हे २४,३०० रुपये आपण द्यायचेत की आपल्याला यायचेत?” मधल्या काळात कार्डावरून मुलांची पुस्तके आणि किरकोळ खरेदी मिळून ३,२०० रुपये गेले होते. ते वळते होऊन शिल्लक २४,३०० वर आली होती. यायचेत, असे आम्ही सांगितले. बाईंचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच उतरला. “मग ते आजींचे,” त्या म्हणाल्या.

घरात पाहुणे होते. दीर म्हणाले, कागद कुठे आहे? कार्ड भावाचे, पैसा भावाचा. आता तो आपल्या घरचा. दुसरे कोणी म्हणाले, म्हातारी मागायला तरी आली आहे का? आजी मागायला आल्या नव्हत्या हे खरेच. अंत्यविधीच्या दिवशी त्या अंगणाच्या कडेला बसून होत्या. पुढे आम्ही मुद्दाम त्यांच्याकडे जाऊन पैशांचा विषय काढला, तेव्हा त्या आपल्या अहिराणीत एवढेच म्हणाल्या, “त्यानी सांगेल शे, मंग काय भेव?” ज्याने सांगितले तो माणूस आता नव्हता, त्याचा शब्द मात्र आजींच्या लेखी जिवंत होता.

आम्हांला वाटले, यात आपण मध्यस्थी करावी. बँकेने ती रक्कम परस्पर आजींच्या खात्यात भरली, तर बाईंची ओढाताण वाचेल, पाहुण्यांची तोंडे बंद होतील आणि कोणाला कोणाचे उपकार नकोत. आम्ही धर्मग्रामाच्या कागदावर सविस्तर पत्र लिहिले, खाली सही केली, शिक्का उमटवला आणि मोठ्या विश्वासाने जळगावच्या शाखेत गेलो.

शाखेतील अधिकारी आमच्या भाचीच्या वयाच्या होत्या. त्यांनी पत्र आदराने वाचले आणि आदरानेच परत केले. कार्डावरील शिल्लक कार्डधारकाच्याच खात्यात जाते आणि त्याच्या पश्चात त्याच्या कायदेशीर वारसांकडे. तिसऱ्या व्यक्तीला ती देता येत नाही, असे त्यांनी सांगितले. आम्ही थोडे रागावलोच. धर्मगुरूच्या शब्दाला काही मोल नाही काय? त्या शांतपणे म्हणाल्या, “फादर, उद्या तुमच्यासारखाच शिक्का करून दुसरं कोणी असं पत्र घेऊन आलं, तर मी काय करू?”

मग त्यांनी समजावले ते असे. चोरीचा पैसा कोणाच्या तरी कार्डावर जादा भरायचा आणि ‘ही शिल्लक अमक्याच्या खात्यात वळवा’ असा अर्ज करायचा, ही लबाडांची एक वाट आहे. पैसा एका दाराने काळा शिरतो आणि दुसऱ्या दाराने बँकेचा म्हणून उजळ माथ्याने बाहेर पडतो. अशा उलाढालींना आळा घालण्यासाठी २००२ चा कायदा आहे आणि त्यासाठीच बँकेला आपला ग्राहक ओळखावा लागतो. आजींना बँक ओळखत नव्हती. जिला ओळखत नाही तिला बँकेने पैसे देऊ नयेत, हेच योग्य. आमचा शिक्का आम्ही पिशवीत घातला.

रीतसर वाट मग त्यांनीच दाखवली. मृत्यूचा दाखला, वारसांची ओळखपत्रे, मागणी अर्ज आणि पुढे दुसऱ्या कोणी दावा केल्यास त्याची भरपाई करण्याचे हमीपत्र, एवढे कागद लागणार होते. वारस कोण, हा प्रश्न कायद्याने आधीच सोडवलेला आहे. आपल्या ख्रिस्ती समाजाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मृत्युपत्र न करता पुरुष गेला आणि मागे पत्नी व मुले असतील, तर एक तृतीयांश पत्नीचे आणि दोन तृतीयांश मुलांचे. भावाचा त्यात वाटा नाही. दिरांना हे सांगितले, तेव्हा ते काही बोलले नाहीत.

परंतु त्याच कायद्याची दुसरी बाजू आम्ही घरी येऊन पाहिली, आणि ती आम्हांला अधिक मोलाची वाटते. मृताचे देणे आधी फेडायचे. उरेल ते वारसांचे. म्हणजे आजी या काही दयेच्या अधिकारी नव्हत्या, त्या धनको होत्या. एवढेच की, त्यांच्यापाशी पुरावा नव्हता. बँकेतील ठेवीला जी व्यक्ती नामनिर्देशित असते तीही मालक ठरत नाही. ती रक्कम वारसांच्या वतीने स्वीकारते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले आहे. पैसा हाती येणे आणि पैसा आपला असणे, या दोन गोष्टी कायदाही वेगळ्या मानतो.

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही एक जुने लॅटिन वचन पाठ केले होते : ‘रेस क्लामात दोमिनो’. वस्तू आपल्या धन्याला साद घालते. ती कोणाच्याही हाती असो, तिचे तोंड धन्याच्या घराकडे असते. परीक्षेत आम्ही त्यावर चार पाने लिहिली आणि बऱ्यापैकी गुण मिळवले. त्याचा अर्थ मात्र आम्हांला पुढे धरणगावात कळायचा होता.

पाचव्या आठवड्यात २४,३०० रुपये बाईंच्या खात्यात जमा झाले. त्यांनी ते काढून आणले आणि आम्हांला बोलावणे पाठवले. आम्ही गेलो, तर त्यांच्यासमोर २७,५०० रुपये मोजून ठेवलेले. वरचे ३,२०० कोठून आणले, हे आम्ही विचारले नाही. त्यांच्या हातात नेहमी दिसणारी एक बांगडी त्या दिवशी दिसली नाही. आम्ही हळूच म्हणालो, “बाई, बँकेकडून आले तेवढे द्या. बाकीचे आजी सोडून देतील. आम्ही बोलतो त्यांच्याशी.” त्यावर त्या म्हणाल्या, “फादर, ती पुस्तकं माझ्या मुलांची आहेत. आजींच्या शेळ्यांतून माझी मुलं शिकली, असं नको.”

वाचकहो, आम्ही गप्प बसलो. बँकेने २४,३०० एवढाच आकडा मानला, कारण तिच्यापाशी पत्रक होते. आम्हीही तोच मानला, कारण आम्हांला दया आली होती. बाईंनी मात्र आकडा पाहिला नाही. कोणाचे काय आहे, एवढेच पाहिले.

आजींनी नोटा दोनदा मोजल्या. आम्हांला वाटत होते, त्या दोन-चार नोटा मुलांच्या हातावर ठेवतील. प्रवचनात सांगायला तसा शेवट बरा झाला असता. त्यांनी तसे काही केले नाही. नोटा पदराच्या गाठीला बांधल्या, बाईंच्या डोक्यावरून हात फिरवला आणि “भाऊ खोटा नव्हता” अशा अर्थाचे काही पुटपुटत त्या घरी गेल्या. थोडा वेळ आम्हांला चुकल्यासारखे वाटले. मग लक्षात आले, की झाले तेच ठीक झाले. आजींनी काही परत दिले असते, तर देण्याघेण्याच्या या सरळ व्यवहाराला उपकाराची झाक आली असती. जे आपले ते पुरते घ्यावे, जे दुसऱ्याचे ते पुरते द्यावे, दानधर्म त्यानंतरचा.

कार्डावरची शिल्लक दुसऱ्याला देता येते काय, असे आता कोणी विचारले, तर आम्ही सांगतो, की बँक देणार नाही आणि तिने देऊही नये. ती फक्त नावापर्यंत पोचवते. नावापासून खऱ्या धन्यापर्यंतचे अंतर कोणताही नियम चालून जात नाही. ते माणसाला चालावे लागते, आणि धरणगावात ते एका अंगणापासून दुसऱ्या अंगणापर्यंत होते.

आणखी एक सांगून थांबतो. दुसऱ्यासाठी आपल्या कार्डावरून काही भरले, की त्याच दिवशी तारीख, नाव आणि रक्कम लिहून ठेवावी, आणि घरच्या माणसाला दाखवावी. अविश्वास म्हणून नव्हे. आपला शब्द आपल्या मागे राहावा म्हणून. बाईंच्या स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी, आता अशी एक वही असते. पहिल्या पानावर आजींची नोंद आहे, आणि तिच्यापुढे बाईंच्या हातचे एकच अक्षर : ‘दिले’.