वेदीवर न येणारी फुले

राखेचा बुधवार उजाडला की आपल्या मंदिरांतील फुलदाण्या रिकाम्या होतात. प्रायश्चित्तकाळात वेदी फुलांनी सजवावयाची नाही, असा उपासनेचा नियम आहे. चौथा रविवार आणि या काळात येणारे मोठे सण यांचाच काय तो अपवाद. धर्मगुरूंचा झगा जांभळा, वेदी उघडी आणि वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यापुरती. नेमक्या याच दिवसांत विदर्भाच्या रानात पळस फुललेला असतो. पास्काचा सण चंद्राच्या गणिताने मागेपुढे सरकतो. २०२६ साली तो ५ एप्रिलला, तर २०२७ साली २८ मार्चला. पळसाला असले गणित ठाऊक नाही. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चअखेरपर्यंत तो आपल्या जागी उभा राहून पेटत असतो. म्हणूनच पळसाची आणि उपवासकाळाची चुकामूक सहसा होत नाही.

या योगायोगाकडे आमचे लक्ष गेले ते जपानमुळे. आम्हा चार-पाच कुटुंबांतील मुलांनी जपानमधील हिताची येथील समुद्रकाठच्या उद्यानाची चित्रे पाहिली. वसंतात तेथील टेकडी नेमोफिला नावाच्या इवल्या निळ्या फुलांनी झाकून जाते, आणि टेकडी कोठे संपली व आकाश कोठे सुरू झाले हे कळेनासे होते. शरदात त्याच टेकडीवर कोचियाची गोल झुडपे लाल होतात. या उद्यानाचा इतिहास फुलांहूनही बोलका आहे. ही जागा पूर्वी लष्करी विमानतळाची. महायुद्धानंतर अमेरिकी सैन्य तेथे बॉम्बफेकीचा सराव करीत असे. १९७३ साली ती जमीन जपानला परत मिळाली आणि १९९१ साली तेथे उद्यान खुले झाले. तलवारींचे नांगर करण्याचे स्वप्न यशया संदेष्ट्याने पाहिले होते; येथे बॉम्बच्या खड्ड्यांवर फुलांचे वाफे आले.

जपान आपल्याला तसा परका नाही. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर प्राण अर्पण केला. त्या भूमीला कधीतरी पाय लागावेत अशी इच्छा आपल्या अनेक घरांत आहे. परंतु विमानाचे भाडे आणि आपली मिळकत यांचा मेळ सहजासहजी बसत नाही. तेव्हा आम्ही मुलांना म्हटले, जपानची फुले जपानला असू द्या. आपल्या दाराशी जे फुलते ते तरी आपण कधी पाहिले आहे काय?

बेत ठरला तो प्रतापगडचा. वाचकांची गफलत होऊ नये म्हणून सांगतो, हा शिवरायांचा साताऱ्याकडील प्रतापगड नव्हे. हा गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, नवेगावबांधच्या मुलखातला. गोंदियाहून कोहमारामार्गे सडक आहे. आगगाडीने यावयाचे तर गोंदिया-बल्लारशाह मार्गावर अर्जुनीचे स्थानक आहे. वाटेवर कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले तलाव लागतात. नवेगावच्या रानाला १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. मारुती चितमपल्ली यांनी याच रानात वनाधिकारी म्हणून वर्षे काढली आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहून ते मराठी वाचकांच्या घरी पोहोचवले.

बेत ठरताच घरातील वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली. “उपवासाच्या दिवसांत सहल कसली? चाळीस दिवस क्रुसाची वाट करावयाची की फुले पाहत हिंडावयाचे?” ही हरकत आम्ही हसण्यावारी नेली नाही. तिच्यात श्रद्धेचा अनुभव आहे. सण आणि उपवास यांतील भेद घराघरांतून पुसट होत असताना कोणीतरी असे विचारणारे हवेच. म्हणून आम्ही प्रथम दिनदर्शिका पुढ्यात घेतली. राखेच्या बुधवारपासून पास्काच्या सणापर्यंत दिवस मोजले तर ते सेहेचाळीस भरतात, कारण मधले सहा रविवार उपवासात धरलेले नाहीत. प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचाच दिवस. त्यातही चौथा रविवार आनंदाचा. त्या दिवशी झगा गुलाबी चालतो, वेदीवर फुले चालतात. पहाटेची मिस्सा ऐकून निघावयाचे तर हाच दिवस योग्य, असे ठरले. वडीलधाऱ्यांनी मान हलवली, मात्र एक अट घातली: सहलीवर जेवढा खर्च होईल तेवढीच रक्कम गरिबांच्या पेटीत पडली पाहिजे. अट न्याय्य होती. बसऐवजी आगगाडी आणि हॉटेलऐवजी घरची शिदोरी, हे निर्णय त्या अटीने आपोआप करून टाकले.

तारीख निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. प्रतापगडच्या डोंगरावर महादेवाचे स्थान आहे आणि त्याच परिसरात ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते आणि भाविकांची पावले दोन्हीकडे वळतात. २०२७ साली महाशिवरात्र ६ मार्चला आणि आपला आनंदाचा रविवार ७ मार्चला येतो. ज्यांना गर्दी सोसवत नाही त्यांनी त्या वर्षी आठवडाभर थांबावे. याच परिसरात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहतही आहे. आपला देश सोडून आलेली माणसे येथे प्रार्थनेच्या पताका लावून राहिली आहेत. अशा ठिकाणी आपण पाहुणे म्हणून जावे. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच सांगितले आहे. मुलांना ते पाठ करून घेण्यापेक्षा एका डोंगरावर दाखवणे सोपे.

आणि पळस? “पळसाला पाने तीनच” ही म्हण आपण निराशेने उच्चारतो. कोठेही गेले तरी तेच ते, अशा अर्थाने. त्रैक्याला वंदन करणाऱ्या माणसाला ती वेगळीही ऐकू यावी. फुलाचा आकार पोपटाच्या चोचीसारखा, म्हणून संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात. त्याला सुगंध नाही, हारात त्याला मान नाही. त्याच्याकडे येतात ती मैना, कोतवाल, सूर्यपक्षी अशी पाखरे, मधासाठी. त्याची पेरणी कोणी करीत नाही. हिताचीच्या टेकडीवर दरवर्षी बी पेरावे लागते आणि बहर सरला की रोपे उपटावी लागतात. पळसाचा माळी दिसत नाही.

या रानात आम्ही आमच्यापुरते तीन नियम केले आहेत. पहिला, चूल पेटवावयाची नाही. मार्चमध्ये पाचोळा वाळलेला असतो आणि एका ठिणगीने रान जाते. दुसरा, मोहाच्या झाडाखाली गाडी उभी करावयाची नाही, बसावयाचे नाही. पहाटे गळणारी ती फुले वेचून कित्येक कुटुंबे वर्षाची मीठमिरची भागवतात; आपली सहल त्यांच्या ताटावर पाय देऊन जाऊ नये. तिसरा नियम मुलांना सर्वांत अवघड वाटला: एकही फूल तोडावयाचे नाही.

हा तिसरा नियमच आम्हाला उपवासकाळाच्या जवळचा वाटतो. जिभेचा उपवास आपण सारेच जाणतो; हाताचा उपवास क्वचितच करतो. सुंदर दिसले की खुडावे, घरी न्यावे, आपले म्हणावे, ही आपली सवय. असिसीचे संत फ्रान्सिस मठाच्या बागेचा एक भाग न नांगरता सोडावयास सांगत, म्हणजे तेथे रानफुले उगवतील आणि पाहणाऱ्याला निर्मात्याची आठवण होईल. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या परिपत्रकात ही गोष्ट मुद्दाम नोंदवली आहे. प्रभूनेही रानफुलांकडे पाहा असेच सांगितले, ती तोडून आणा असे नव्हे. वेदी रिकामी ठेवून ख्रिस्तसभा आपल्याला चाळीस दिवस हेच शिकवीत असावी. जे आपल्या हाती येत नाही, तेही देवाचे दान असते. ते जेथे आहे तेथे जाऊन, रिकाम्या हातांनी, त्याचे आभार मानावेत.